निवडलेले दाणे

देवमनचं नाव घेतलं की आधी मला माझाच आवाज ऐकू येतो. "देवमन! पिंजऱ्यावरची पाटी कुठे गेली? देवमन! या बाटलीला झाकण कोणी लावायचं, माझ्या सासऱ्यानं?" एकतीस वर्षं मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी या माणसावर ओरडण्यात घालवली असतील. मी रागीट आहे, हे मला कोणी सांगायला नको. 'दामिनी मॅडम येऊन राहिल्या' असं कुजबुजत पोरी जिन्यातूनच परत फिरायच्या. देवमन मात्र कधी फिरला नाही. मान खाली घालून सगळं ऐकायचा आणि माझं संपलं की म्हणायचा, "झालं का मॅडम? मंग आता चहा सांगू?" मी चहा प्यायचे.

देवमन आमचा लॅब अटेंडंट. मूळचा अकोटकडचा, राहायला बडनेऱ्याला. रोज सायकलनं यायचा. आमच्याकडे पांढरे उंदीर पाळलेले असत आणि त्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. सकाळी दार उघडताना तो आतल्यांना सांगायचा, "आलो गा बाप्पा, आलो." उंदीर आवाज ओळखायचे आणि जाळीला येऊन लटकायचे. मी गेले की कोपऱ्यात जायचे. उंदरांनाही माणसं कळतात.

रविवारी तो एसटीनं अकोटला भावाच्या शेतावर जायचा आणि सोमवारी माझ्या टेबलावर कागदाची पुडी असायची. भुईमुगाचे दाणे. सोललेले, टपोरे, एकसारखे गुलाबी. त्यात एक सुरकुतलेला नाही, एक काळा नाही. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून मी एका हातानं ते खात बसायचे. हे कोण निवडतं, कधी निवडतं, असलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मॅडमला पुडी यायचीच, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षांत माझी पीएच.डी. चालली होती, लिव्हरवर. लिव्हर मोठा अजब अवयव आहे. उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढून घेतलं तरी उरलेलं आठ-दहा दिवसांत वाढून पहिल्या वजनाला येतं. आणि मग थांबतं. लोकांना ते वाढतं याचं कौतुक, मला ते थांबतं याचं. पेशींना 'वाढा' म्हणणारी प्रथिनं वेगळी असतात, 'पुरे' म्हणणारी वेगळी. कॅन्सर म्हणजे बाहेरून आलेलं काही नवं नव्हे. 'वाढा' म्हणणारी गप्प बसत नाहीत आणि 'पुरे' म्हणणारी मोडून पडलेली असतात, एवढाच फरक. हे मोजायचा मी चंग बांधला होता.

चोवीस उंदीर घेतले. बारांना भूल देऊन त्यांच्या लिव्हरचा तुकडा काढला, बारांना हात लावला नाही. चौदा महिने सांभाळले आणि मग तपासायला घेतले. ट्रे धरून देवमन उभा होता. न कापलेले बाराही ठणठणीत. कापलेल्या बारांचं लिव्हर हवं तेवढं भरून आलेलं. पण त्यातल्या सातांवर गाठी! हरभऱ्याएवढ्या, एक-दोन तर बोराएवढ्या. जगात कुठे असं लिहिलेलं नव्हतं. माझे मार्गदर्शक सर पाहून म्हणाले, "तुमच्या हातातच काहीतरी घोळ आहे, बाई." सगळ्यांसमोर म्हणाले. मी नोंदवही भिंतीवर भिरकावली. देवमननं ती उचलली, शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवली. ते प्रकरण मी प्रबंधातून काढून टाकलं. बाकीच्यावर पदवी मिळाली, पण त्या सात उंदरांचा सल गेला नाही.

मी निवृत्त झाले, त्याच्या आधी देवमन झाला होता. गेल्या वर्षी जानेवारीत सकाळी फोन आला.

"मॅडम, मी नीलम. देवमन यांची मुलगी."

मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेली. आता शाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, "आईच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. कॅन्सर आहे. जुन्या काविळीचा विषाणूही रक्तात सापडलाय. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, उजवीकडचा भाग काढून टाकू, राहिलेलं लिव्हर चांगलं आहे, ते वाढेल. पण आत्ताच. दोन महिने गेले तर मग कापताही यायचं नाही. येत्या गुरुवारी भरती व्हायचंय आणि बाबा नाही म्हणून बसलेत. आईला विचारलं तर म्हणते, तुझे बाबा म्हणतील तसं. मॅडम, बाबा तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत हो."

"अगं, तो माझं ऐकतो कुठे? ऐकून घेतो," मी म्हटलं. पण चपला घातल्या. राजापेठेतून ऑटो केला आणि अर्ध्या तासात बडनेऱ्याला त्याच्या दारात उभी राहिले.

"काय गा देवमन, बायकोचं ऑपरेशन होऊ देत नाहीस म्हणे?" उंबऱ्यातूनच मी सुरू केलं. माझी तीच रीत.

तो उठला. केस पार पिकले होते. "जय भीम मॅडम. या, बसा. उन्हाच्या आल्या."

"बसायला नाही आले. कारण सांग."

"कारन तुमाले मालूम हाय."

मला काही मालूम नव्हतं. मला वाटलं, घाबरला आहे, समजावून सांगू. मी खुर्चीत बसले आणि वर्गात सांगायचे त्याहून सोपं करून सांगितलं. "हे बघ, पंगतीत वाढपी काय करतो? आग्रह. घ्या, अजून घ्या. आणि पोट भरलं की जेवणारा काय करतो?"

"पानावर हात आडवा धरते."

"बस्स! लिव्हर कापलं की काही प्रथिनं उठतात आणि पेशींना आग्रह करत सुटतात, वाढा, वाढा. भरत आलं की दुसरी प्रथिनं हात आडवा धरतात. मग वाढ थांबते. तुझ्या दुर्गाबाईंच्या त्या गाठीतला आडवा हात मोडलाय, म्हणून ती गाठ काढून टाकायची. राहिलेल्या लिव्हरचे हात शाबूत आहेत. ते वाढेल आणि थांबेल."

"नाई थांबत," देवमन म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"तुमचेच उंदीर."

तो अगदी हळू बोलत होता, मला दुखवायला नको म्हणून. "बारा कापले होते, मॅडम. बारायचं बी वाढलं, तुमी मोजलं. मंग सातायले गाठी. न कापलेल्यायले एक बी नाई. ट्रे माह्या हातात होता. तुमी ते प्रकरन सोडून देल्लं, म्या नाई सोडलं. आठोते मले. कापलं का वाढाले लागते, आन एकडाव वाढाले लागलं का थांबत नाई. म्या नाई कापू देत दुर्गीले. जेवढे दिवस हायेत तेवढे राहू द्या तिले घरी."

माझीच नोंदवही माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. हजारो लोकांची अशी ऑपरेशनं होतात, कापल्यानं कॅन्सर होत नाही, हे मी सांगितलं. आवाजही चढवला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. "असन मॅडम. तुमी शिकल्या हा. पन माह्या डोयानं म्या तेच पाह्यलं." सत्तावीस वर्षं जे मला सुटलं नव्हतं, ते त्यानं त्याच्या परीनं सोडवून ठेवलं होतं. आणि त्याच्या उत्तरात त्याच्या बायकोचा जीव अडकला होता.

तेवढ्यात दुर्गाबाई आतून आल्या. पदर खांद्यावरून घेतलेला, हातात बशी. किती वाळल्या होत्या! बशीत दाणे आणि गुळाचा खडा. मला रडू यायला लागलं म्हणून मी दाणे तोंडात टाकले. तीच चव, तेच टपोरे गुलाबी दाणे.

"अजून तसेच दाणे! निवडतं कोण?" काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं.

"हेच निवडतेत. कोनाले हात लावू देत नाईत," दुर्गाबाई म्हणाल्या. "मॅडमचे दाने, मॅडमचे दाने. तुमी रिटायर झाल्या तरी सवय जात नाई यायची."

भिंतीपाशी सूप होतं. एका बाजूला चांगल्या दाण्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला काढून टाकलेले. अवकाळीत पोतं भिजलं असावं. काढून टाकलेल्या दाण्यांवर हिरवट-राखाडी भुकटी दिसत होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा विचारलं, "आणि हे बाजूला काढलेले? यांचं काय करता?"

"आता काई नाई, पडून राह्यतेत," देवमन म्हणाला. "पयले तुमच्या उंदरायले..."

त्यानं जीभ चावली.

"कोणत्या उंदरांना?"

त्यानं सूप मागे सरकवलं.

"देवमन, कोणत्या उंदरांना?"

"मॅडम, तुमी रागवसान."

"नाही रागवत. सांग."

"तुमी सांगतलं होतं, बाजारच्या खाद्याशिवाय दाना द्याचा नाई. पन पोट फाडलेले जीव होते ते. थरथर करत. माह्याच्यानं पाह्यलं नाई गेलं. आपन बाळंतीन बाईले डिंकाचे लाडू देतो, दुखन्यातून उठलेल्याले शिरा देतो, मंग यायनं काय पाप केलं? संध्याकाळी कुलूप लावाच्या आंदी मूठभर टाकत जाओ. सगळं वरीसभर. सालं उचलून खिशात घालून न्याओ, तुमाले दिसू नये म्हनून."

"आणि न कापलेल्यांना?"

"ते तं धडधाकट होते. त्यायले काहून?"

मी हातातली बशी खाली ठेवली. बाप्पा रे बाप्पा! सत्तावीस वर्षं! फक्त कापलेल्यांना, आणि तेही नेमके बुरशी आलेले दाणे. भुईमुगावरच्या त्या बुरशीत विष असतं आणि ते लिव्हरवरच जातं. पेशीतला जो आडवा हात, 'पुरे' म्हणणारं ते प्रथिन, नेमका त्यावरच घाव घालतं. कापलेलं लिव्हर भराभर वाढत असताना तर ते फारच लागतं. मी हे पुस्तकातून शिकवत होते. शिकवताना निवडलेले दाणे खात होते.

राग उसळला, खोटं कशाला बोलू. सरांचं ते वाक्य, पोरींसमोर गेलेली लाज, वाया गेलेलं काम. तोंड उघडलं सुद्धा. मग त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस माझ्या ओरडण्याला भिऊन वर्षभर सालं खिशातून नेत होता. मी जरा धड बोलणारी बाई असते, तर त्यानं दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं असतं, मॅडम, यायले थोडे दाने देऊ का? मी उघडलेलं तोंड मिटलं.

"देवमन," मी म्हटलं, "कापल्यानं नाही झालं ते. दाण्यांनी झालं." आणि बुरशीचं सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता. सुपाकडे पाहत होता. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

"दुर्गे, हे खराब दाने आपल्या घरी कोन खाये?"

दुर्गाबाई पदराचं टोक चाचपत होत्या. "कोन खाईन? फेकाचे का अन्न? मॅडमचे वेगळे काढले, तुमचे आन पोरीचे वेगळे. राह्यले ते मी चटनीत वाटून घेत होतो."

देवमन भिंतीला टेकून खाली बसला. "म्हंजे म्याच... तुले बी, आन त्या जीवायले बी..." साठी उलटलेला माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

'छे छे, त्याचा काही संबंध नाही' असं म्हणणं किती सोपं होतं. मला नाही जमलं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात जुन्या काविळीचा विषाणू रक्तात आहे. मूळ तो. दाण्यांनी त्यात भर घातली असेल, नसेल. किती, ते कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

"काहून रडून राहिले?" दुर्गाबाई नवऱ्यावर खेकसल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तुमी भरवले का मले? म्या खाल्ले, माह्या हातानं. चांगले खाऊ नको असं तुमी कधी म्हनलं? मलेच चांगलं खाचं सुचलं नाई." मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मले एवढं सांगा. त्या उंदरायले हे दाने नसते देल्ले, तं काय झालं असतं?"

"बाराही जण वाढून थांबले असते. न कापलेल्यांसारखेच जगले असते."

"पक्कं?"

"पक्कं. माझ्या-तुमच्या बाबतीत शंभर टक्के असं कोणी सांगत नाही, दुर्गाबाई. पुन्हा गाठ येऊ शकते, तपासत राहावं लागेल. पण कापल्यामुळे ती येणार नाही."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आजवर मी यायचं ऐकलं, कारन यायनं डोयानं पाह्यलं होतं. आता ते बी राह्यलं नाई. मले जगाचं हाय. नीलमले फोन लावा. म्हना, माय येते गुरुवारी."

देवमननं फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

ऑपरेशनच्या दिवशी मी नागपूरला गेले. कोणी बोलावलं नव्हतं, घरी बसवेना. बाहेरच्या बाकावर देवमन आणि मी, नीलम औषधाच्या खिडकीशी. तासामागून तास जात होते. शेवटी मी बोलले. "देवमन, तू माझ्या तोंडाला भिऊन गप्प राहिलास. चूक तुझी एकट्याची नाही. माझं चुकलं. माफ कर मला." एकतीस वर्षांत हे वाक्य मी कोणाला म्हटलं नसेल.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं का मॅडम? मंग आता चहा सांगू?"

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. शेजारच्या बाकावरची बाई पाहत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी स्कॅन झाला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर जवळजवळ पहिल्याएवढं भरलं. नीलम आनंदानं सांगत होती आणि मागून देवमनचा आवाज आला, "पन थांबलं का? इचार, थांबलं का?" पुढच्या प्रत्येक स्कॅनला त्याचा हा एकच प्रश्न असे. या जानेवारीत वर्ष झालं. लिव्हर होतं तेवढंच, गाठ नाही. "थांबलं, मॅडम," त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. "हात आडवा धरला त्यानं." मी कपाटातून ती जुनी नोंदवही काढली. सात उंदरांपुढे सत्तावीस वर्षं प्रश्नचिन्ह होतं. तिथं कारण लिहिलं आणि खाली लिहिलं, माहिती देणार देवमन.

परवा बडनेऱ्याला गेले होते. अकोटचं नवं पोतं आलं होतं. देवमन सूप घेऊन दाणे निवडत होता, दुर्गाबाई शेजारी बसल्या होत्या. अंगावर मांस चढलंय, चेहरा भरलाय. खराब दाणे आता तो चुलीत टाकतो. कोंबड्यांनाही देत नाही, आणि गल्लीतल्या बायकांना धरून धरून सांगतो. आमच्या गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता दुर्गाबाईंचा हात सुपाकडे गेला. चांगल्या ढिगाकडे नाही, दुसऱ्या. त्यांना कळलंही नसेल, चाळीस वर्षांची सवय. एक सुरकुतलेला दाणा त्यांनी उचलला.

देवमननं त्यांचं मनगट धरलं. माझ्यासमोर. हा माणूस परक्यांपुढे बायकोशी नजर उचलून बोलायचा नाही.

"सोडा ना," दुर्गाबाई लाजल्या. "मॅडम बसल्या हायेत."

त्यानं सोडलं नाही. एकेक बोट उघडून तो दाणा काढून घेतला आणि चुलीकडे फेकला. मग चांगल्या ढिगातले दाणे ओंजळीत घेतले, फुंकर मारून सालं उडवली आणि तिच्या तळहातावर ओतले. त्या खाईपर्यंत तो तसाच बसून होता.

माझी पुडी त्यानं त्यानंतर बांधली.